अमळनेरचे शेअर

गेले काही महिने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाचेमंडळी एआयवाल्या कंपन्यांच्या शेअर्सबद्दल भरभरून बोलताहेत. कुठला घ्यायचा, किती वर जाईल, आत्ता नाही घेतला तर गाडी चुकली वगैरे. मी त्यात पडत नाही. पण वाचताना हटकून अमळनेर आठवतं.

जळगाव जिल्ह्यातलं साने गुरुजींचं अमळनेर! तिथे १९४५ च्या डिसेंबरात हाशम प्रेमजींनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाची कंपनी काढली. शेंगदाण्याच्या तेलाचं वनस्पती तूप आणि जोडीला ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण. गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी थोडेथोडे शेअर घेतले आणि ते घराघरांत राहिले. कुणी मुलांना दिले, कुणाचे ट्रंकेत पडून राहिले.

१९६६ मध्ये प्रेमजी वारले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परत आले. १९७० च्या दशकाअखेर आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. ती पोकळी हेरून तेल-साबणाची ही कंपनी, म्हणजे विप्रो, संगणक बनवू लागली आणि पुढे सॉफ्टवेअरमध्ये शिरली. हे एका रात्रीत झालेलं नाही. मधल्या काळात बोनस मिळत गेले, शेअरचे तुकडे पडत गेले, आणि ट्रंकेतला कागद एक दिवस लाखांचा, काहींचा तर कोटींचा झाला.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. "चांगली कंपनी घ्या आणि विसरून जा" म्हणून ती सांगितलीही जाते. मला ते अर्धवट वाटतं. विसरून जायचं म्हटलं तर मुंबईच्या गिरण्यांचे शेअरही लोकांनी तितक्याच निष्ठेने जपले होते. १९८२ च्या संपानंतर त्यांचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे.

माझं लक्ष जातं ते फेब्रुवारी २००० वर. तेव्हा नुसतं 'इन्फो' किंवा 'सॉफ्ट' नावात असलं की शेअर उडायचा. केतन पारेखच्या लाडक्या कंपन्यांची चलती होती. त्या गर्दीत विप्रोचा शेअर दहा हजार रुपयांच्या घरात पोचला. म्हणजे कंपनीच्या वर्षभराच्या नफ्याच्या शेकडो पट! मार्चमध्ये अमेरिकेत नॅस्डॅकने ५००० ओलांडले आणि मग तो जो घसरला, तो २००२ च्या ऑक्टोबरात ११०० च्या आसपास येऊन थांबला. आपला सेन्सेक्सही सहा हजारांजवळून सप्टेंबर २००१ मध्ये २६०० वर आला. डीएसक्यू, पेंटामीडिया, सिल्व्हरलाइन ही नावं आज कुणाला आठवतात?

विप्रो मात्र बुडाली नाही. पुढच्या दहा वर्षांत तिची विक्री आणि नफा कितीतरी पट वाढला. तरीही त्या फेब्रुवारीत शिखरावर शेअर घेणाऱ्याचं, मिळालेले सगळे बोनस जमेस धरूनसुद्धा, २०१० पर्यंत मुद्दल परत आलेलं नव्हतं. कंपनी खरी, हिशेब खरे, वाढ खरी.. आणि माणूस तोट्यात! अमळनेरच्या आजोबांकडे आणि त्या दिवशीच्या मुंबईकराकडे शेअर एकच होता, फरक होता तो फक्त दिलेल्या किमतीत. सत्यमची गोष्ट आणखी वेगळी. तिथे २००९ मध्ये हिशेबच खोटे निघाले, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

भाचेमंडळींच्या यादीतल्या काही कंपन्या उद्या खरोखरच मोठ्या होतीलही. मी ग्रुपवर एवढंच विचारलं, "कंपनी काय कमावते आणि तुम्ही त्याच्या किती पट मोजताय?" उत्तरादाखल दोन अंगठे आणि एक रॉकेट आलं :)

असो. जाता जाता, २०१३ मध्ये विप्रोने तेल-साबणाचा धंदा वेगळ्या कंपनीत काढला. ती कंपनी शेअर बाजारात नाही. म्हणजे ज्या वनस्पती तुपासाठी अमळनेरकरांनी पैसे घातले होते, ते तूपच त्या शेअरमधून निघून गेलं.