स्वयंपाकघराची जमीन आणि तिची ऊब

वैशाखात, गोदेच्या काठी संध्याकाळच्या वाऱ्याची वाट पाहत बसलेल्या श्रोत्यांपुढे पायांना लागणाऱ्या गारठ्याचा विषय काढणे काहीसे विक्षिप्त दिसेल. पण घराची जमीन बहुधा उन्हाळ्यातच उखडली जाते, आणि पौषातल्या पहाटेचा विचार करायचा तर तो फरशी बसण्यापूर्वीच करावा लागतो. फरशीखाली विजेच्या तारा किंवा गरम पाण्याच्या नळ्या घालून जमीन उबदार ठेवण्याची सोय आता आपल्याकडेही मिळू लागली आहे. स्वयंपाकघरात ती करावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा आणि वायरमनचा. आम्हांला तो इतिहासाचाही वाटतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथली थंडी फार दिवसांची नसते, पण जेव्हा पडते तेव्हा खरीच पडते. निफाडकडे पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षांचे घड वाचवण्यासाठी शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. अशा पहाटे घरात सर्वांत आधी उठून गार फरशीवर उभे कोण राहते, हे सांगण्याची गरज नाही.

दगडी जमिनीवर राहणाऱ्या माणसांची सोय कशी करावी, हा विचार या गावाला नवा नाही. पांडवलेण्यांतील दहावे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने खोदविले. त्यातील शिलालेखाप्रमाणे त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेवले. त्या व्याजातून तेथे वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, अशी ती व्यवस्था होती. लेखात थंडीचा उल्लेख नाही. तरीही कातळाच्या ओट्यावर निजणाऱ्याच्या वाट्याला जी ऊब आली, ती जमिनीतून नव्हे तर वस्त्रातून आली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ही गोष्ट सुमारे १९०० वर्षांपूर्वीची.

गृहस्थाच्या घरी मात्र तजवीज निराळी होती. जुन्या घरातील स्वयंपाकघराची जमीन मातीची, चोपून शेणाने सारवलेली. माती दगडाइतक्या झपाट्याने पायाची उष्णता ओढून घेत नाही. शिवाय चूल त्या जमिनीवरच मातीने बांधलेली असे. दिवसभर जाळ चाले, रात्री निखारे राखेखाली झाकले जात, वैलावर दूध कोमट राही, आणि चुलीभोवतीची हातभर जमीन पहाटेपर्यंत आपली ऊब धरून असे. स्वयंपाक करणारी पाटावर बसे, जेवणारेही पाटावर बसत. एकाच अग्नीवर अन्न शिजे आणि जमीनही तापे. जमीन तापवण्याचा वेगळा विचार कोणाच्या मनात आला नाही, कारण तो करावाच लागला नाही.

पुढे दोन बदल झाले. पहिला जमिनीचा. जुन्या हैदराबाद संस्थानातील शहाबादची फरशी घरोघर आली. १९२२ साली ‘भारत टाइल्स’ कारखाना निघाला आणि सिमेंटच्या रंगीत, नक्षीदार फरश्या देशातच होऊ लागल्या. त्यानंतर मोझॅइक आले, आणि अलीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड. दुसरा बदल अग्नीचा. रॉकेलचा स्टोव्ह आला, १९५५ च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस आला, आणि हळूहळू विस्तव जमीन सोडून ओट्यावर चढला. बसून रांधणारी स्त्री उभी राहिली. सारवण सुटले, फुंकणी सुटली, डोळ्यांतला धूर गेला. हा लाभ लहान नव्हे. चुलीच्या आठवणीने जे गहिवरतात त्यांनी बहुधा ती कधी फुंकलेली नसते. पण धुराबरोबर जमिनीची ऊबही गेली, आणि नेमक्या त्याच वेळी पायाखाली फरशी आली.

जमीन मुद्दाम तापवण्याची कला इतरत्र फार जुनी आहे. रोमन वास्तुकार विट्रूव्हियस याने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. दोन फूट उंचीचे विटांचे खांब, त्यांवर न्हाणीची जमीन, आणि खालून भट्टीची उष्ण हवा. ती भट्टी धगधगती ठेवण्याचे काम गुलामांचे. कोरियातील ‘ओंडोल’ पद्धतीत पूर्वी स्वयंपाकाच्या चुलीचा धूर बैठकीच्या खोल्यांखालून नेत असत. रांधणारीच्या जाळावर बसणाऱ्यांचे पाय शेकत! आपल्या काश्मीरमध्ये ‘हमाम’ नावाच्या खोलीत दगडी लाद्यांखाली लाकडे पेटवतात. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट याने अशी कोरियन खोली जपानात अनुभवली, आणि १९३७ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या जेकब्ज यांच्या घरात त्याने जमिनीखाली उष्ण नळ्या घातल्या. आजची सोय ही याच वंशातली.

आता निवडीचा प्रश्न. ज्या गुणामुळे फरशी गार लागते, त्याच गुणामुळे ती तापवायलाही सोपी जाते. उष्णता तिच्यातून चटकन वर येते. मात्र पाण्याच्या नळ्यांना जमिनीची उंची वाढवावी लागते आणि पाणी तापवण्याची वेगळी यंत्रणा लागते. चार-सहा महिने थंडी असलेल्या मुलखाला ती परवडते. नाशिकच्या थोड्या दिवसांच्या थंडीला फरशीखाली बसणारी तारांची पातळ जाळीच पुरेशी. पाच चौरस मीटर जागा आणि दर चौरस मीटरला १५० वॅट धरले, तर ७५० वॅट होतात. पहाटे दोन तास चालवल्यास दीड युनिट, दोन महिन्यांत ९० युनिट. खाली उष्णतारोधक थर हवा, नाहीतर निम्मी ऊब जमिनीच्या पोटात जाईल. स्वयंपाकघर धुतले जाते, म्हणून गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारे साधन अपरिहार्य. ओट्याखाली व कपाटांखाली तार घालू नये. जिथे माणूस उभे राहते तेवढीच पट्टी तापवावी.

इतके करूनही कोणी म्हणेल की एक जाड चटई आणि पायांत सपाता असल्या की भागते. भागते खरे. उषवदाताचा मार्ग तोच होता, आणि पुष्कळ घरांना तोच रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच की हा निर्णय बैठकीत बसून, चहा घेत घेत होऊ नये. ज्यांच्या हातचा तो चहा आहे त्यांना आधी विचारावे. अग्नी जमिनीवरून ओट्यावर गेला तेव्हा त्यांना कोणी विचारले होते की नाही, इतिहासात त्याची नोंद नाही. या खेपेस ती राहावी.