वाळुंजाच्या कुळातील आम्ल

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या मुरमांना संस्कृतात ‘यौवनपिडका’ व ‘मुखदूषिका’ अशी नावे आहेत. सुश्रुतसंहितेत त्यांची गणना क्षुद्ररोगांत केली असून सावरीच्या काट्यांशी त्यांची तुलना आहे. उपचारांत लोध्र, वेखंड, सैंधव यांचा लेप सांगितला आहे. यांपैकी वेखंड आमच्या घरांतील बाळगुटीच्या बटव्यातही असे. आमची कुटुंबे इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडे गेली, तेव्हा हा बटवाही सोबत गेला. म्हणूनच आज औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळणारे सॅलिसिलिक आम्लही ‘मूळचे आपलेच’ असे मानण्याचा मोह होतो. इतिहास मात्र निराळा आहे.

या आम्लाचे नाव ‘सॅलिक्स’ या लॅटिन शब्दावरून पडले. सॅलिक्स म्हणजे विलो वृक्ष. आपल्याकडे सह्याद्रीच्या परिसरात ओढ्याकाठी वाढणारा वाळुंज हा त्याच कुळातला. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच विलोच्या सालीची राख व्हिनेगरमध्ये कालवून ती कुरुपांवर लावण्यास सांगितले होते. पुढे १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने हिवतापावरील सालीच्या गुणाविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्र लिहिले. म्युनिकच्या योहान बुखनर यांनी १८२८ मध्ये सालीतील कडू द्रव्य वेगळे केले आणि १८३८ मध्ये इटालियन रसायनज्ञ राफाएले पिरिया यांनी त्यापासून हे आम्ल सिद्ध केले.

तथापि साल सोलून जगाची गरज भागणारी नव्हती. जर्मन रसायनज्ञ हेरमान कोल्बे यांनी हे आम्ल फिनॉलपासून तयार करण्याची रीत शोधली. फिनॉल हे त्या काळी दगडी कोळशाच्या डांबरातून मिळे. १८७४ मध्ये फ्रीडरिश फॉन हायडेन यांनी ड्रेस्डेन येथे त्याचा कारखाना काढला आणि औषध स्वस्त झाले. पोटात घेण्यास त्रासदायक ठरल्याने त्या कामी १८९९ पासून अ‍ॅस्पिरिन पुढे आले. त्वचेच्या क्षेत्रात मात्र मूळ आम्लच टिकले. कातडीचा कठीण थर सैल करण्याच्या त्याच्या गुणाचा पद्धतशीर अभ्यास १८८० च्या दशकात हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना यांनी केला.

मुरूम होतो तो त्वचेचे सूक्ष्म छिद्र मृत पेशी व तैलद्रव्य यांनी बुजल्यामुळे. हे आम्ल तेलात मिसळणारे असल्याने छिद्रात उतरते व पेशींची चिकटलेली बांधणी सुटी करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९१ मध्ये मुरमांच्या चिठ्ठीविना औषधांसाठी त्याचे प्रमाण ०.५ ते २ टक्के ठरविले. कुरुपांवरील पट्ट्यांत हेच आम्ल ४० टक्क्यांपर्यंत असते. तेव्हा ‘झाडापासूनचे, म्हणून निरुपद्रवी’ हा समज ठेवून भलते औषध चेहऱ्यास लावणे घातक होय. अ‍ॅस्पिरिनचे वावडे असणाऱ्यांनीही यापासून दूर राहावे.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण वेगळेच आहे. सौम्य आम्लाचा गुण येण्यास सहा-आठ आठवडे लागतात. तरुण मनाला आणि लग्नाची घाई झालेल्या घराला तेवढा धीर नसतो. मग शेजारणीने सुचविलेले ‘गोरेपणाचे’ मलम येते. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड आढळले आहे. त्याने चेहरा आठवड्यात उजळतो. पण पुढे कातडी पातळ व लाल होते आणि मुरूम दुणावतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर केंद्र सरकारने २०१८ मध्ये लावावयाची अनेक स्टेरॉइडे ‘एच’ परिशिष्टात, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकावयाच्या औषधांत, घातली. परंतु नियम कागदावर असतो आणि मलम घरातील फडताळात.

सुश्रुताने या पुळ्यांचे कारण कफ, वात व रक्त यांत शोधले, तरुणाच्या शीलात नव्हे. आम्ही मात्र आजही मुलीस ‘तोंड धूत नाहीस’, ‘तळकट खातेस’ म्हणून बोल लावतो आणि पाहुण्यांसमोर तो चेहरा चर्चेस घेतो. वेखंडाचा लेप असो वा ड्रेस्डेनच्या कारखान्यातील आम्ल, दोहोंमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण व चिकाटी आहे. त्यांतील थोडी चिकाटी घरातील वडीलधाऱ्यांनी दाखविली, तर निम्मे दुःख औषधावाचूनच हलके होईल, असे आम्हांस वाटते.