चौसष्ट घरांचा खेळ: म्हैसूरच्या राजवाड्यापासून मोबाइलपर्यंत

१८३१ साली कंपनी सरकारने म्हैसूर संस्थानाचा कारभार आपल्या हाती घेतला. तिसरे कृष्णराज वडियार यांच्याकडे पदवी आणि राजवाडा उरला. राज्य उरले नाही. पुढील आयुष्यात ते ग्रंथ, संगीत आणि पटावरील खेळ यांत रमले. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथाचा ‘कौतुकनिधी’ हा भाग खेळांनाच वाहिलेला आहे.

बुद्धिबळातील घोड्याने अडीच घरांच्या चालीने चौसष्टही घरे एकेकदा गाठावीत, हे कोडे प्राचीन आहे. नवव्या शतकातील काश्मिरी पंडित रुद्रट याने त्यावर श्लोकरचना केली होती. कृष्णराजांनी सोडवलेले कोडे अधिक कठीण होते. घोडा ज्या क्रमाने घरे गाठतो, ते १ ते ६४ हे अंक त्या त्या घरात लिहिले, तर प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीची बेरीज २६० यावी, अशी त्याची अट. विल्यम बेव्हर्ली यांनी १८४८ मध्ये असा एक मार्ग प्रसिद्ध केला होता. कृष्णराजांनी स्वतःचा निराळा मार्ग रचला.

दोन्ही कर्णांची बेरीजही २६० येईल का? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास ऑगस्ट २००३ उजाडावे लागले. संगणकांनी सर्व शक्यता तपासल्या. ओळींची अट पाळणाऱ्या मूलतः भिन्न रचना केवळ १४० निघाल्या. कर्णांचीही अट पाळणारी एकही नाही. पहिल्या घरी परतणारे साधे मार्गच १३ लाख कोटींहून अधिक आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे हाताने शोधलेल्या अशा एका रचनेचे मोल कळते.

खेळाचा जीव नियमात असतो, यंत्रात नव्हे. जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले आणि ही गोष्ट छोट्या विकसकांच्या पथ्यावर पडली. कारखाना नको, दुकान नको. एकदोघांनी घरी बसून लिहिलेला खेळ जगभर पोहोचू लागला. घोड्याचे साधे कोडे तर वॉर्न्सडॉर्फ यांच्या १८२३ मधील नियमाने मोबाइलही क्षणात सोडवतो: ज्या घरातून पुढे सर्वांत कमी वाटा फुटतात, तेथे आधी जावे.

परंतु नियमाला मालक नसतो. सॉफ्टवेअरला आणि चित्रांना स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळते. खेळाच्या कल्पनेला ते मिळत नाही. दोन निर्मात्यांनी सुमारे चौदा महिने खपून घडवलेला ‘थ्रीज’ फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. मार्च महिन्यात त्याच धर्तीचा ‘२०४८’ विनामूल्य उपलब्ध झाला आणि लोकप्रियतेत पुढे निघून गेला. आपल्या पचिसीचेही तसेच. तिच्यावरून बेतलेल्या ‘लुडो’चे पेटंट १८९६ मध्ये इंग्लंडात घेतले गेले आणि २०१६ मध्ये नवी मुंबईच्या एका कंपनीने तोच खेळ ‘लुडो किंग’ या नावाने मोबाइलवर आणला.

कृष्णराजांना आपला खेळ विकायचा नव्हता. आजच्या छोट्या विकसकाला मात्र त्यावर पोट भरायचे असते. सोपा नियम लोकांच्या चटकन हाती बसतो. नकलाकाराच्याही तो तितक्याच चटकन हाती लागतो. म्हणून नियम शोधणे हे त्याचे अर्धेच काम. त्या नियमाला साजेशी चित्रे, ध्वनी आणि वाढत जाणारी काठिण्यपातळी घडवणे हे उरलेले अर्धे. आणि कायदा संरक्षण देतो, ते मुख्यतः याच अर्ध्याला.