‘मामा’चा ‘बाबा’ का होतो?

नाक चिमटीत धरून ‘मामा’ म्हणून बघा. ‘बाबा’सारखं ऐकू येईल! ‘नाना’चे ‘दादा’ होतात. जुनाट सायनसने नाक चोंदलं की हेच होतं. म आणि न यांना नाकातूनच वाट लागते.

वरच्या जबड्यातल्या पोकळीचं सविस्तर वर्णन इंग्लिश डॉक्टर नथॅनिएल हायमोर यांनी 1651 मध्ये केलं. या पोकळ्या कशासाठी? सतारीच्या भोपळ्यासारख्या आवाज घुमवायला, असं पुढे अनेकांनी मानलं. गाणं शिकवणाऱ्यांनीही. मग अमेरिकेतले गायनशिक्षक विल्यम वेनार्ड यांनी 1964 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला: नाकात गॉज, सायनसमध्ये पाणी, आणि गायचं. स्वरांत म्हणावा असा फरक पडलाच नाही!

मग सायनसवाल्यांचा आवाज बसतो का? नाकातला कफ मागच्या मागे घशात उतरतो, माणूस सारखा खाकरतो आणि दर वेळी स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्यांना सूज येते.

म्हणजे दुखणं वर, मार खाली. त्यामुळे ओळखीतले एखादे शिक्षक किंवा गायक सतत खाकरत असतील, तर ‘जोर लावून गा’ म्हणू नका. घशाबरोबर नाकही तपासून घ्यायला सांगा.