आधी कुऱ्हाड ठेवा, मग निधी

अकोले तालुक्यातल्या राजूरला एसटीतून उतरा आणि दुष्काळाचं साल 1972 धरा. खाली संगमनेर-नगरकडे निघा. तुमच्या हातात खडी फोडायचा हातोडा, घरी मिलोची भाकरी, पोरांच्या ओंजळीत सुकडी. याच मुलखात एक स्विस येशूसंघी फिरतायत: फादर हर्मन बाखर, 1948 साली भारतात आलेले. फादर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे प्रार्थना आणि दानपेटी येते. यांची नजर मात्र बोडक्या डोंगरावर. विहिरीसाठी दाते मिळतीलही. पण वरचं पाणी मातीसकट वाहून गेलं, तर झरे लागणार कुठून?

आता 1989. इथून पुढचं फादरांचं मागणं दोन सरकारांकडे. जर्मनीचा पैसा केएफडब्ल्यू बँकेतून नाबार्डकडे आणि तिथून गावच्या पाणलोट समितीकडे यावा, असा इंडो-जर्मन कार्यक्रम आकाराला येतो. 1993 मध्ये सहकारी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह फादर वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे ‘वॉटर’, ही संस्था उभी करतात.

मग एखाद्या गावच्या ग्रामसभेत बसा. निधी येणार म्हणून तुम्ही खुशीत, तर समोर अटी: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान.

“मग शेळ्या काय वाऱ्यावर जगवायच्या?” मागून एक आजी विचारते.

प्रश्न रास्त आहे. चराईबंदीचा चटका आधी भूमिहीनालाच बसतो. नुसत्या टाळ्यांनी तो शमत नाही. तरी अट हटत नाही. आधी छोट्या क्षेत्रावर काम करून दाखवायचं, मगच मोठी रक्कम. दान मागणारे पुष्कळ पाहिले. घेणाऱ्याचीच परीक्षा पाहणारे थोडे.

पुढे तुम्ही कारभारणीसह आपल्या शेतात उभे. बांध कुठे, चर कुठे, हे दोघांनी मिळून ठरवायचं. काम माथ्यावरून पायथ्याकडे.

परत राजूरच्या अंगाला या. घाटघरकडे पाऊस धो धो कोसळतो, आणि तरी याच अकोले तालुक्याच्या डोंगरवाड्यांत उन्हाळ्यात हंडा घेऊन वणवण. महादेव कोळ्यांच्या पुरुषवाडीतही ‘वॉटर’ने पाणलोटाचं काम केलं.

फादर बाखर 2021 मध्ये गेले. जूनमध्ये काजवे पाहायला पुरुषवाडीला जाणार असाल, तर उजेड असतानाच पोचा आणि वरच्या उतारावर चढून या. पाणलोटाचं काम तिथूनच सुरू होतं.