शब्दांचे सोवळे आणि सत्तेचा दंडुका : ‘फॅसिझम’ या उपमेची चिकित्सा

१९९०च्या ऑक्टोबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये अमेरिकी विद्यापीठांतील ‘पोलिटिकली करेक्ट’ मतांच्या वाढत्या वर्चस्वाविषयी रिचर्ड बर्नस्टाइन यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाने हाच विषय ‘विचारांचे पोलीस’ अशा अर्थाच्या मथळ्यासह मुखपृष्ठावर घेतला, आणि १९९१च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्याविरुद्ध इशारा दिला. पुस्तकांच्या बाजारातही विषयाला तेजी होती. मुंबईत जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील दिनेश डिसूझा यांचे ‘इल्लिबरल एज्युकेशन’ १९९१मधलेच. या वातावरणात एक उपमा रूढ झाली : कोणता शब्द वापरावा आणि कोणता वापरू नये हे ठरविणारी ही नवी शिस्त म्हणजे डाव्यांचा फॅसिझम होय. ती उपमा आजही वापरात आहे. तिच्यात तथ्य किती, हा प्रश्न ‘फॅसिझम’ या शब्दाचा अर्थ काय, या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

प्रथम ‘पोलिटिकल करेक्टनेस’ या संज्ञेविषयी. हा शब्द विरोधकांनी घडविलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी कम्युनिस्ट वर्तुळांत पक्षाच्या तत्कालीन भूमिकेशी जुळणारे मत ‘करेक्ट’ ठरत असे, आणि समाजवादी मंडळी हाच शब्द कम्युनिस्टांच्या पक्षनिष्ठेची थट्टा करण्यासाठी वापरीत. १९७०नंतर स्त्रीवादी व नवडाव्या गटांत तो बहुधा स्वतःच्याच अतिरेकावर हसण्यासाठी वापरला जाई. घरातला विनोद रस्त्यावर गेला की आरोप होतो, तसे या शब्दाचे १९९०च्या सुमारास झाले. मराठीत त्यासाठी ‘राजकीय औचित्य’ असा प्रतिशब्द काही वेळा योजला जातो; तो दिशाभूल करणारा आहे. क्षेमेंद्राच्या परंपरेतील औचित्य हे संदर्भसापेक्ष असते. एका प्रसंगी उचित असलेले दुसऱ्या प्रसंगी अनुचित ठरते. पोलिटिकल करेक्टनेसच्या टोकाच्या रूपात नेमका संदर्भच बाद होतो. शब्द उच्चारला की विटाळ, मग तो अवतरणात असो वा नाटकातल्या पात्राच्या तोंडी. या वृत्तीला मराठीत अधिक नेमका शब्द आहे, तो म्हणजे सोवळे.

उपमेच्या बाजूने जे म्हणता येते ते नीट मांडले पाहिजे, कारण ते अगदीच पोकळ नाही. १९८८ साली मिशिगन विद्यापीठाने वंश, लिंग, धर्म इत्यादींवरून एखाद्याला हीन लेखणारे बोलणे दंडनीय ठरविणारी एक संहिता लागू केली. जैव-मानसशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने, स्त्रीपुरुषांतील जैविक भेदांविषयीच्या सिद्धांतांची वर्गात चर्चा करणेही आता अपराध ठरेल, अशी भीती व्यक्त करून न्यायालयात दाद मागितली. ही भीती काल्पनिक नव्हती. नियमांची शब्दयोजना एवढी सैल होती की त्यांत काहीही बसले असते. दुसरा दाखला इतिहासातला आहे व तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. १० मे १९३३ रोजी जर्मनीतील विद्यापीठनगरांत जी ग्रंथहोळी झाली तिचे संयोजन जर्मन विद्यार्थी संघटनेने केले होते. एप्रिलात विद्यार्थ्यांनीच ‘अ-जर्मन’ वृत्तीविरुद्ध बारा कलमे भिंतींवर लावली होती, ग्रंथालयांतून पुस्तके बाहेर काढली होती, प्राध्यापकांवर बहिष्कार घातले होते. ‘विद्यार्थी आहेत, त्यांच्या हाती काय असणार’ हे समर्थन त्यामुळे पुरेसे ठरत नाही.

तिसरा आधार साहित्यसिद्धांतातून मिळतो. ७ जानेवारी १९७७ रोजी कॉलेज द फ्रान्समधील आपल्या पहिल्या व्याख्यानात रोलाँ बार्त यांनी भाषेलाच फॅसिस्ट म्हटले. फॅसिझमचे लक्षण बोलू न देणे हे नसून बोलावयास भाग पाडणे हे आहे, असे त्यांचे कारण होते. हे विधान आपल्याकडेही टीकालेखनात वारंवार येते, आणि बहुधा त्याचा पूर्वार्धच उचलला जातो. बार्त यांचा रोख व्याकरणाच्या अपरिहार्यतेकडे होता : बोलणाऱ्याला लिंग निवडावेच लागते, समोरच्याला कोणत्या सर्वनामाने संबोधावयाचे हे ठरवावेच लागते. परंतु व्याकरण चुकविणाऱ्याला कोणी एरंडेल पाजीत नाही. रूपक म्हणून त्यांचे विधान चमकदार आहे. इतिहास म्हणून त्याचा उत्तरार्ध तेवढा उपयोगी आहे, आणि तो विलक्षण उपयोगी आहे.

एरंडेलाचा उल्लेख अलंकार म्हणून केलेला नाही. २३ मार्च १९१९ रोजी मिलानच्या सान सेपोल्क्रो चौकातील सभागृहात मुसोलिनीने ‘फाशी दि काँबात्तिमेंतो’ स्थापन केले तेव्हा ‘फाशो’ हा शब्द इटलीत नवा नव्हता. त्याचा अर्थ मोळी, जुडगा, म्हणून संघ. १८९०च्या दशकात सिसिलीतील कष्टकऱ्यांचे जे ‘फाशी’ होते ते समाजवादी वळणाचे होते आणि क्रिस्पी सरकारने ते १८९४ साली लष्कर घालून मोडले. तेव्हा केवळ शब्दावरून काही सिद्ध होत नाही. मुसोलिनीची संघटनाही १९१९च्या निवडणुकीत सपशेल आपटली. तिला बळ मिळाले ते १९२०च्या अखेरीपासून, पो नदीच्या खोऱ्यात.

तेथे शेतमजुरांच्या समाजवादी संघांनी मजुरीचे दर आणि कोणाला कामावर घ्यावयाचे हे दोन्ही आपल्या हाती घेतले होते, नगरपालिका जिंकल्या होत्या, सहकारी भांडारे उभारली होती. २१ नोव्हेंबर १९२० रोजी बोलोन्याच्या नव्या समाजवादी नगरमंडळाच्या पहिल्याच सभेच्या वेळी फॅसिस्टांनी हल्ला केला. चकमकीत माणसे मेली. त्यानंतर काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या, ज्यांना ‘स्क्वाद्रे’ म्हणत, जमीनदारांच्या पैशावर आणि पुष्कळदा लष्करी मालमोटारींतून रात्री गावोगाव फिरू लागल्या. फेर्रारा भागात त्यांचे नेतृत्व इतालो बाल्बोकडे होते. कामगारसभागृहे जाळणे, वृत्तपत्रांची छपाईयंत्रे मोडणे, संघाच्या चिटणिसाला घरातून ओढून काढून मारणे, सर्वांसमक्ष एरंडेल पाजून त्याची विटंबना करणे हा त्यांचा कार्यक्रम होता. पोलीस पाहत उभे राहत, किंवा ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांनाच पकडत. ट्रिएस्टमध्ये तर त्याआधीच, १३ जुलै १९२० रोजी, स्लोव्हेन समाजाचे ‘नारोदनी दोम’ हे सांस्कृतिक भवन जाळण्यात आले होते. फॅसिझमचे तत्त्वज्ञान त्याच्या कृतीनंतर आले. जेंतीले यांनी लिहिलेला आणि मुसोलिनीच्या नावे छापलेला सिद्धांतभाग ‘एन्चिक्लोपेदिया इतालियाना’त अवतरला तो १९३२ साली, सत्ता हाती येऊन दहा वर्षे झाल्यावर. फॅसिझमला केवळ मतप्रणाली समजून तिची लक्षणे अन्यत्र शोधणाऱ्यांची फसगत येथेच होते. रॉबर्ट पॅक्स्टन यांनी २००४ सालच्या आपल्या ग्रंथात फॅसिस्ट काय म्हणाले यापेक्षा त्यांनी काय केले, कोणाशी युती केली, हे टप्प्याटप्प्याने पाहावे असा आग्रह धरला, तो यासाठीच.

३० मे १९२४ रोजी समाजवादी प्रतिनिधी जाकोमो मात्तेओत्ती यांनी निवडणुकीतील दहशतीचा पाढा संसदेत वाचला. १० जूनला त्यांचे अपहरण होऊन खून झाला. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने घडलेल्या सर्व गोष्टींची राजकीय जबाबदारी संसदेत उघडपणे स्वीकारली, आणि काहीही झाले नाही. १९२६च्या मार्चमध्ये मारेकऱ्यांचा खटला किएती या आडबाजूच्या गावी चालला. बचावाचे वकील होते फारिनाच्ची, फॅसिस्ट पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस. तिघांना सहा वर्षांच्या आतबाहेरची शिक्षा झाली व माफीमुळे तीही बहुतांशी रद्द झाली. मिशिगनच्या विद्यार्थ्याचे काय झाले? १९८९ साली संघ न्यायालयाने विद्यापीठाची संहिता घटनाबाह्य ठरविली. १९९१ साली विस्कॉन्सिनच्या संहितेचीही तीच गत झाली. ‘फॅसिझम’ हा शब्द वापरण्यापूर्वी हे दोन निकाल शेजारी ठेवावेत. ज्या व्यवस्थेत पीडिताला न्यायालय उरते, विरोधी वृत्तपत्र उरते आणि देशाचा राष्ट्राध्यक्ष त्याची बाजू घेतो, त्या व्यवस्थेतील जाच खरा असला तरी त्याची जात वेगळी आहे. १९३३च्या जर्मन विद्यार्थ्यांमागे ७ एप्रिलचा ज्यू आणि राजकीय विरोधक नोकरदारांना बडतर्फ करणारा कायदा उभा होता, आणि बर्लिनच्या होळीपाशी भाषणाला खुद्द मंत्री गोबेल्स आला होता.

आता बार्त यांच्या उत्तरार्धाकडे. फॅसिझमने भाषेचे नियमन खरोखरच केले. दक्षिण टिरोलमधील गावांची जर्मन नावे १९२३मध्ये बदलली गेली, जर्मन शाळा बंद झाल्या, स्लोव्हेन आडनावांना ‘मूळ इटालियन’ रूप देण्याचे फर्मान निघाले. १९३१ साली विद्यापीठांतील सुमारे १२०० प्राध्यापकांकडून राजवटीशी निष्ठेची शपथ घेवविली. नकार देणारे डझनभर निघाले. १९३८ साली पक्षाचे सरचिटणीस स्ताराचे यांच्या अमलात ‘लेई’ या आदरार्थी सर्वनामावर गदा आली. ते परकीय आणि दास्यवृत्तीचे ठरवून त्याच्या जागी ‘वोई’ लादण्यात आले. ‘लेई’ नावाच्या एका स्त्रियांच्या नियतकालिकाला नाव बदलून ‘अन्नाबेल्ला’ व्हावे लागले, जरी तेथे त्या शब्दाचा अर्थ ‘ती’ एवढाच होता. नेपल्सचे क्रोचे सवयीने ‘वोई’च म्हणत, फर्मान निघाल्यावर ते मुद्दाम ‘लेई’ म्हणू लागले, असे सांगितले जाते.

वरकरणी पाहता येथे साम्य दिसते : दोन्हीकडे सर्वनामांवरून वाद आहे. परंतु साम्य आहे ते विषयाचे. भाषाशुद्धीची चळवळ मराठीतही त्याच दशकांत चालली. सावरकरांच्या मोहिमेतून ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ असे शब्द रुजले, कितीतरी विरून गेले, आणि माधव जूलियनांचे ‘भाषाशुद्धिविवेक’ १९३८मध्येच आले. मोहिमेचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, तिच्यापाशी शासनाचा दंड नव्हता, म्हणून शब्दांची निवड अखेर बोलणाऱ्यांनी केली. शिवाय कोणासाठी, हाही प्रश्न आहेच. ‘लेई’वरची बंदी राष्ट्राच्या एकसाची पौरुषासाठी होती, टिरोलमधील नावे बदलली ती अल्पसंख्याकांना पुसून टाकण्यासाठी. अपमानास्पद नावे नाकारणाऱ्या अमेरिकी कृष्णवर्णीयांचा हेतू याच्या नेमका उलट होता. हेतू शुद्ध असल्याने साधन शुद्ध होत नाही हे खरे. पण हेतू, सत्ता आणि हिंसा ही तिन्ही वजा करून उरलेल्या साम्याला फॅसिझम म्हणणे म्हणजे दोघांनी दाढी राखली म्हणून त्यांना भाऊ ठरविणे होय.

ही सैल उपमा उजव्यांचीच मिरास आहे असे मात्र नाही. १९२८च्या सहाव्या काँग्रेसनंतर कॉमिंटर्नने सोशल डेमॉक्रॅटांना ‘सोशल फॅसिस्ट’ ठरविले. जर्मनीत त्याचा परिणाम असा झाला की, खरा फॅसिझम दाराशी आला तेव्हा कामगारांचे दोन मोठे पक्ष एकमेकांनाच शत्रू मानून बसले होते. शब्दाच्या चुकीची एवढी किंमत क्वचितच मोजावी लागली असेल. १९४४ साली ऑर्वेल यांनी ‘ट्रिब्यून’मधील स्तंभात ‘फॅसिस्ट’ ही शिवी कोणाकोणाला दिली जाते याची लांबलचक यादी करून तो शब्द जवळपास निरर्थक झाल्याचे दाखविले. १९६७च्या जूनमध्ये हानोफर येथे हाबरमास यांनी रुडी डुत्श्के यांच्या कृतिवादाला ‘डावा फॅसिझम’ म्हटले. अमेरिकी वादाच्या दोन तपे आधीची ही नोंद महत्त्वाची आहे, कारण ती फॅसिझम लहानपणी डोळ्यांनी पाहिलेल्या विचारवंताची आहे. पुढे हाबरमास यांनीच तो शब्दप्रयोग अस्थानी असल्याचे मान्य केले.

पोलिटिकल करेक्टनेसचे दोष लहान नाहीत. शब्द बदलला की वस्तुस्थिती बदलली, असे समाधान ती देते. भीतीपोटी पाळलेल्या संकेताला ती विवेक समजते. आणि नोकरी गमावण्याच्या धास्तीने वर्गात जो गप्प बसतो त्याची नोंद कोणतेही न्यायालय घेत नाही. पण या दोषांचे गोत्र सांप्रदायिक आचारधर्माशी, पक्षशिस्तीशी आणि बदनामीला भिणाऱ्या संस्थाचालकांशी जुळते. त्यांची चिकित्सा त्याच नावांनी झाली तर ती लागू पडेल. उमटपणे हाच निकष उलट दिशेनेही लावावा लागतो. फ्लोरिडा राज्याने २०२२ साली वंशविषयक काही मते शिकविण्यावर कायद्याने बंधन घातले, आणि त्याच वर्षी संघ न्यायाधीशांनी विद्यापीठांपुरती त्याची अंमलबजावणी रोखली. शासनाच्या बळाने वर्गातले बोलणे नियंत्रित करणारा हा कायदा कोणत्याही विद्यापीठीय संहितेपेक्षा गंभीर आहे. तरीही न्यायालय तो अडवू शकले, हे लक्षात घेता त्यालाही तो शब्द लावण्याची घाई करू नये.

भाषेच्या अंगाने या प्रश्नाचा सर्वांत जवळून विचार केला तो व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी. ड्रेस्डेनमधील रोमान्स भाषांचे हे ज्यू प्राध्यापक १९३५ साली पदच्युत झाले, पत्नी ज्यू नसल्यामुळे वाचले, आणि बारा वर्षे नाझींच्या शब्दांची टिपणे ठेवीत राहिले. ‘फानाटिश’ म्हणजे माथेफिरू हे विशेषण निंदेचे होते ते स्तुतीचे कसे झाले, हे त्यांनीच नोंदविले. ती टिपणे ‘एल. टी. आय.’ या नावाने १९४७ मध्ये पुस्तकरूपाने आली. मात्र १९४५च्या उन्हाळ्यापासूनच त्यांच्या रोजनिशीत दुसऱ्याही नोंदी आहेत : नव्या, सोव्हिएत अमलाखालील वृत्तपत्रांतून तीच विशेषणे आणि तोच आवेश पुन्हा दिसू लागल्याच्या. त्यांनी या भाषेला ‘चौथ्या राइशची भाषा’ म्हटले, साम्ये टिपली, कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला आणि पूर्व जर्मनीच्या हुकूमशाहीत अध्यापन करीत राहिले. साम्याची नोंद त्यांनी रोजनिशीत ठेवली. त्या राजवटीला नाझी म्हणण्यासाठी मात्र तेवढी पुरेशी आहे असे त्यांना वाटले नाही.