लिनक्सचा गाभा आणि त्याचे अंक

आमच्या राजारामपुरींत गल्ल्या अनुक्रमांकानें ओळखल्या जातात. सहावीच्या पुढें सातवी येते. पण म्हणून सातवी सहावीहून श्रेष्ठ, असें कोणी म्हणत नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र हीच चूक मीं केली आणि तिचें प्रायश्चित्तही भोगलें.

यंत्राची स्मृति, पडदा, कळफलक यांचा कारभार पाहणारा जो मूळ भाग, तो गाभा, म्हणजे कर्नेल. हेलसिंकी येथील विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स यांनीं सप्टेंबर १९९१ मध्यें लिनक्सचा गाभा ०.०१ या अंकानें प्रसिद्ध केला. मार्च १९९४ मध्यें १.० आला. त्यानंतर एक संकेत रूढ झाला: दुसरा अंक सम असल्यास आवृत्ति नित्य वापराची, विषम असल्यास प्रयोगाची. २.४ भरंवशाची, २.५ प्रयोगाची. डिसेंबर २००३ मध्यें २.६ आली आणि पुढें हा संकेत मागें पडला. तीच मालिका २.६.३९ पर्यंत लांबली. तेव्हां जुलै २०११ मध्यें टोरवाल्ड्स यांनीं पुढील आवृत्तीस ३.० म्हटलें. कारण क्रांति नव्हे, अंक फार वाढले एवढेंच! २०१५ चा ४.०, २०१९ चा ५.० आणि २०२२ चा ६.० यांचीही कथा तीच. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेनें २००७ सालीं भारतीय भाषांसाठीं ‘बॉस’ प्रणाली दिली. तिच्या पोटींही हाच गाभा आहे.

‘युनेम’ या आज्ञेस ‘आर’ हें अक्षर जोडून टंकलें, कीं चालू गाभ्याचा अंक दिसतो. नवा गाभा बसविला, तरी यंत्र पुन्हां सुरू करीपर्यंत जुनाच कारभार पाहतो. नवा रुसला, तर आरंभींच्या यादींतून जुना निवडतां येतो. म्हणूनच फेडोरा ही प्रणाली मूळ व्यवस्थेनुसार तीन गाभे राखते.

मीं मोठ्या अंकास भुललों. जागा वांचविण्यासाठीं, पडद्यावरील इशारा न वाचतां, जुने सारे गाभे पुसले. दुसऱ्या सकाळीं नवा गाभा सुरूच होईना. माझ्या विद्यार्थ्यांची तीस वर्षांची नांवनिशी आंत अडकली. अखेर एका माजी विद्यार्थ्यानें पेनड्राइव्हवरून यंत्र चालवून जुना गाभा परत बसविला, आणि नांवें वांचलीं.

तेव्हां नव्याचें स्वागत अवश्य करावें. परंतु तो स्वतः चालून दाखवीपर्यंत जुन्यास निरोप देऊं नये.